ठेकेदारच कर्ज मिळवून देतोय, सही करावी का?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. आई इंदुरात लोकमान्य नगरात एकट्या असतात, तुम्ही पुण्याला. घर चाळीस वर्षांचं, गच्ची गळते, मागच्या दोन खोल्यांच्या भिंतींना तडे गेलेत. शेजारच्यांच्या ओळखीतून आलेल्या ठेकेदाराने ६ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलंय. एवढे पैसे हाताशी नाहीत म्हटल्यावर तोच म्हणाला, "लोन मैं करवा देता हूँ माताजी, दो दिन में. आप तो बस साइन कर दो." पाऊस तोंडावर आलाय, आई सही करायला तयार आहेत आणि तुमचं मन घेत नाही.

सही करू देऊ नका. तो माणूस कारागीर म्हणून चोख असेल, तरीही नको.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. सव्वीस वर्षं इंदुरात घरदुरुस्तीची एस्टिमेटं करतोय, आणि त्यातली बरीच वर्षं बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशनही करत आलोय. त्यामुळे ठेकेदाराचा कागद आणि बँकेचा कागद, दोन्ही माझ्या टेबलावर येतात. फसवणूक बहुतेक वेळा या दोन कागदांच्या सांध्यात असते. काम करणारा आणि पैसे आणणारा एकच माणूस झाला की त्याच्याकडे बघणारं कुणी उरत नाही. एरवी ठेकेदाराला आपल्याकडून पैसे काढायचे तर आधी काम दाखवावं लागतं. कर्ज त्यानेच आणलं की पैसे आधी त्याच्या हातात आणि काम नंतर त्याच्या सवडीने. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून आईंच्या खात्यातून.

लोकांना धक्का बसतो तो इथेच. कर्जाचा करार आई आणि कर्ज देणारी कंपनी यांच्यातला, कामाचा करार आई आणि ठेकेदार यांच्यातला. प्लास्टर गळून पडलं म्हणून हप्ता थांबत नाही. "काम झालंच नाही तर पैसे कशाचे भरू?" असं विचारत माझ्याकडे येणाऱ्यांना मला हेच सांगावं लागतं, आणि ते ऐकताना त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

माझ्या धाकट्या मावशीचंच सांगतो. मी याच धंद्यात असून तिने मला विचारलं नाही. "तुला कुठे वेळ असतो" म्हणाली, आणि खरं म्हणजे त्यात तिचं फारसं चुकलं नव्हतं. काही वर्षांपूर्वीचा मे महिना. रामबागेतलं घर. ठेकेदार आला तो हातात टॅब घेऊनच. मावशीने पन्हं दिलं, त्याने आधार आणि पॅनकार्डाचे फोटो काढले, मावशीचाही एक फोटो काढला, आणि म्हणाला की पत्ता तपासायला फोनवर एक नंबर येईल. नंबर आला. चष्मा सापडेना म्हणून मावशीने फोनच त्याच्या हातात दिला. असे तीन नंबर आले. तिसऱ्या नंबरानंतर तिच्या नावावर ४ लाखांचं कर्ज उभं होतं. तिच्या खात्यात एक रुपया आला नाही, कारण अर्जात विक्रेता म्हणून ठेकेदाराच्या फर्मचं खातं भरलेलं होतं. दोन मजूर आठ दिवस आले, गच्चीवर डांबरासारखं काहीतरी काळं फासलं, समोरच्या भिंतीला रंगाचा एक हात दिला आणि गेले. मावशीला कर्ज असल्याचं कळलं ते पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, पेन्शनच्या खात्यातून १० हजारांच्या आसपास रक्कम कापली गेली तेव्हा. तोवर ती समजत होती, "हळूहळू जमेल तसं देऊ, असं ठरलंय."

म्हणून आईंना पहिली गोष्ट ही सांगा: फोनवर येणारा ओटीपी म्हणजे सही. पत्ता तपासायला, 'फाइल चेक करायला', 'सिबिल बघायला', कशालाही म्हणोत. ठेकेदार घरात असताना आलेला ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आणि फोन हातातून द्यायचा नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम आणले आणि मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र बांधले. मूळ नियम असा की कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, मधल्या एजंटाच्या किंवा अ‍ॅपवाल्याच्या खात्यातून फिरून नाही. मधल्याचं कमिशन कर्ज देणाऱ्याने द्यायचं, कर्जदाराने नाही. मात्र एक अपवाद आहे. कर्ज ठरावीक कामासाठी असेल तर ते थेट ज्याला पैसे द्यायचे त्याच्या खात्यात जाऊ शकतं. फ्रिज, शाळेची फी यांसाठी हे ठीक आहे. घरदुरुस्तीत ठेकेदार याच दारातून आत शिरतो. फ्रिज निदान घरी तरी येतो. गच्चीचं काम तीन आठवडे चालतं, आणि पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात.

आता एस्टिमेट. तुम्ही पाठवलेला कागद मी पाहिला. पहिल्याच ओळीत 'गच्ची वॉटरप्रूफिंग, १,८५० चौरस फूट, दर ८५ रुपये' असं आहे. तुमचा प्लॉट २० बाय ५०, म्हणजे पूर्ण जागा १,००० चौरस फूट. घर एकमजली, पुढे अंगण, मागे थोडी मोरीची जागा. गच्ची फार तर ८५० भरेल. प्लॉटच्या जवळजवळ दुप्पट गच्ची कुठून आली? नेमके १,००० चौरस फूट जास्त लावलेत, म्हणजे एका ओळीत ८५ हजार रुपये. हे पकडायला इंजिनिअर लागत नाही. शेजारच्या मुलाला टेप देऊन गच्चीची लांबी-रुंदी घ्यायला सांगा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. त्यानंतर ठेकेदारालाही टेप धरायला लावा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर असा. मोजमापाला नाखुश असलेला ठेकेदार मी आजवर एकही चांगला पाहिलेला नाही.

दुसरी ओळ आहे 'प्लास्टर व क्रॅक फिलिंग, लमसम, २ लाख १० हजार'. लमसम हा शब्द दिसला की थांबायचं. किती चौरस फूट, किती जाडीचं, जुनं प्लास्टर काढून की वरूनच, सिमेंट-रेतीचं प्रमाण काय, यातलं काही न लिहिता फक्त रक्कम लिहिली की नंतर कशालाच हरकत घेता येत नाही. सगळं प्लास्टर काढायची खरंच गरज आहे का, हेही बघा. रुपयाच्या नाण्याने भिंतीवर टकटक करत चला. जिथे प्लास्टरने भिंत सोडली आहे तिथे आवाज पोकळ येतो, घट्ट आहे तिथे भरीव. पोकळ जागांभोवती खडूने रेघ ओढा. बऱ्याच घरांत या रेघा भिंतीच्या पाव भागातही भरत नाहीत, आणि एस्टिमेट असतं पूर्ण घराचं.

तड्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इंदुरात याच गोष्टीवर पैसे उकळले जातात. आपली माळव्याची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुनी घरं उथळ पायावर उभी असली तर दरवर्षी ती मातीबरोबर थोडी थोडी हलतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत जाणारा तडा बहुधा पायाकडून आलेला असतो. त्यावर कितीही महाग पुट्टी भरा, पुढच्या एप्रिलपर्यंत तो पुन्हा उघडतो. आधी घराभोवतीचं पाणी भिंतीपासून दूर काढायला हवं, पायाशी मुरतंय तिथे उताराचा पक्का पट्टा करायला हवा. एक पावसाळा जाऊ द्यायचा, तडा वाढतोय का ते पेन्सिलने खूण करून बघायचं. ठेकेदार हे सांगत नाही. यात त्याला काम थोडं आणि थांबायचं जास्त.

तुम्ही लिहिलंय की तो म्हणाला, "एस्टिमेट बढ़ा के बना देते हैं, बैंक ज़्यादा देगा, बाकी आप रख लेना." सगळ्यात विषारी भाग हा आहे. फायदा दिसतो तो तुमचा. पण खोट्या आकड्याच्या कागदावर आईंची सही झाली की त्या खोटेपणात भागीदार होतात, आणि पुढे तो काम अर्धवट सोडून गेला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तक्रारीला जोडायचा पहिला कागद तोच एस्टिमेट. फसलेली किती माणसं केवळ या एका भीतीने गप्प बसली आहेत, ते मी पाहिलंय. सरळ 'नको' म्हणायचं. तो चिडला तर उत्तमच, आपोआप टळला.

कागदपत्रांचं थोडक्यात. रजिस्ट्रीचा मूळ दस्त ठेकेदाराच्या हातात कधीही नाही, झेरॉक्स काढायलाही नाही. घर गहाण ठेवून कर्ज घ्यायचं असेल तर आईंनी स्वतः बँकेच्या शाखेत दस्त द्यायचा आणि दिलेल्या कागदांची यादी सही-शिक्क्यासह घ्यायची. 'छोटं रिपेअर लोन' म्हणत मालमत्ता तारण ठेवल्याचे फॉर्म मी पाहिलेत. त्यामुळे 'गहाण', 'तारण', 'मॉर्गेज' यांपैकी काही कुठे लिहिलंय का, ते शोधूनच सही. कोरा चेक नाही, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही नाही. आणि कर्ज मंजूर होण्याआधी 'फाइल चार्ज' किंवा 'इन्शुरन्स' म्हणून कुणाच्या खासगी यूपीआय नंबरवर पैसे मागितले, तर तिथे कर्जच नाही, फक्त तो चार्ज आहे.

कर्ज लागणारच असेल तर आईंनी आपल्या बँकेत जायचं, ठेकेदाराशिवाय. पेन्शन ज्या शाखेत येतं तिथे पेन्शन लोनचं विचारा. घरात सोनं पडून असेल तर लहान रकमेसाठी सोनेतारणही वाईट नाही. बँकेचं घरदुरुस्तीचं कर्ज दोन दिवसांत मिळत नाही. एस्टिमेट मागतात, पैसे टप्प्याटप्प्याने सोडतात, मधे माझ्यासारख्या कुणाला बघायला पाठवतात. लोक या खेपांना कंटाळतात, पण ठेकेदारावर बाहेरची नजर राहते ती त्यांच्यामुळेच.

कुणाकडूनही कर्ज घ्या, सहीच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (म्हणजे व्यक्तींना दिलेल्या) मुदत कर्जांना ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो: व्याज आणि सगळे खर्च धरून वर्षाला खरं किती टक्के पडतं तो. जो खर्च त्या कागदावर नाही, तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ठेकेदाराच्या तोंडचं 'सिर्फ दस परसेंट' त्या आकड्याशी ताडून बघा. ५ लाख, पाच वर्षं, १० टक्के 'फ्लॅट' (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) म्हणजे व्याज अडीच लाख आणि हप्ता १२,५००. तेच १० टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता १०,६२४ च्या आसपास पडला असता. फ्लॅटचे १० टक्के प्रत्यक्षात १७ च्या वर जातात, आणि पाच वर्षांत १ लाख १२ हजारांच्या आसपास जास्त भरले जातात. 'फ्लॅट' हा शब्द उच्चारला जात नाही, एवढीच काय ती युक्ती.

सोलरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हेच लोक पुढच्या फेरीत 'आंटी, छत पे सोलर फ्री में' म्हणून येतील. पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी खरी आहे: १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार. ती पॅनेल बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते. 'सबसिडी अ‍ॅडव्हान्समध्ये सोडवतो, तेवढं लोन घ्या' म्हणणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा. गळक्या गच्चीवर आधी सोलर बसवणं हा तर आणखी निराळाच मूर्खपणा. वॉटरप्रूफिंगसाठी सगळी स्टँड उचलावी लागतात.

पैसे कसे द्यायचे, याचा माझा रिवाज सांगतो. माल आपण घ्यायचा, ठेकेदाराला फक्त मजुरी. सिमेंट, रेती, केमिकल दुकानातून आईंच्या नावाच्या बिलावर, पैसे दुकानदाराच्या खात्यात. तुमच्या एस्टिमेटमध्ये सिमेंटवर अजून २८ टक्के जीएसटी धरलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. बिल आपल्या हातात असलं की असले प्रकार आपोआप संपतात. सिमेंटची गोणी ५० किलोची. रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून एका कोपऱ्यात ठेवायला आईंना सांगा. फार साधी गोष्ट आहे, पण वहीत रोजचा आकडा पडतोय हे मिस्त्रीला दिसलं की त्याचा हात सरळ चालतो.

मजुरीतले सुरुवातीला १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. मग काम मोजून, झालेल्या कामाचेच, आणि बँकेतून किंवा यूपीआयने. रोख नाही, 'घरवाली हॉस्पिटल में है' म्हटलं तरी नाही. (माणुसकी म्हणून द्यायचेच असतील तर वेगळे द्या आणि विसरून जा, कामाच्या हिशोबात धरू नका.) वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीची तोंडं बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, जमलं तर ४८. खालून ओल उमटली नाही तर पुढचा हप्ता द्यायचा. शेवटचे १० टक्के जुलैतला पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. हे सगळं साध्या कागदावर का होईना, कामाच्या आधी दोघांच्या सह्यांनी लिहिलेलं हवं. ठेकेदाराने जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघा. नाव कुणाचं निघतं, नोंदणी चालू आहे की रद्द, दोन मिनिटांत कळतं. आणि त्याने गेल्या वर्षी केलेलं एक घर पाहायला मागा. या महिन्यात केलेलं नको, एक पावसाळा खाल्लेलं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "त्याने आईचे आधार-पॅनचे फोटो आधीच घेतलेत." म्हणून आजच एक काम करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. आईंचा अहवाल काढा आणि अलीकडे त्यांच्या नावावर कुणी कर्जाची चौकशी केली आहे का ते बघा. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचा काढा.

समजा कर्ज निघालेलंच असेल, तर वेळ घालवू नका. डिजिटल कर्जात 'कूलिंग ऑफ'ची मुदत असते, कमीत कमी एक दिवस. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण पैसे ठेकेदाराकडे गेलेले असतील तर ते मुद्दल आपल्याला उभं करावं लागतं, हे लक्षात ठेवा. ओटीपी फसवून घेतला असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि ठाण्यात लेखी तक्रार. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, त्यासाठी वकील लागत नाही, माहितीसाठी त्यांचा फोन १४४४८. ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची. आणि रागाच्या भरात हप्ता बंद करू नका. मावशीने तेच केलं होतं. वसुलीवाले घरी यायला लागले, सिबिल खराब झाला तो वेगळाच. तक्रार चालू ठेवून हप्ताही भरत राहणं अन्यायाचं वाटतं, मलाही वाटलं. शेवटी तिच्या प्रकरणात कंपनीने दंड आणि काही व्याज सोडलं, मुद्दल नाही.

तुमच्या आईंच्या गच्चीबद्दल एक शेवटचं. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत, मागच्या कोपऱ्यात, निचऱ्याच्या पाइपच्या तोंडाशी पिंपळाचं रोप उगवलेलं दिसतंय आणि त्याच्याभोवती पाणी साचल्याचा काळा डाग आहे. ओल उतरलेली खोली बरोबर त्याच्याच खाली आहे. वरून नुसतं खुडू नका, मूळ सांध्यात शिरलेलं असणार. तो भाग फोडून मुळासकट काढा, पाइपची कड नव्याने भरून घ्या, तोंडाला जाळी बसवा, आणि मग गच्चीवर एक दिवस पाणी धरून बघा. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. त्यानंतरही ओल उतरली तर मला मोजमापाचे आकडे पाठवा, मग बाकीच्या गच्चीचं बघू.